तलावाचे पाणी कोणी, कसे आणि कोणत्या दराने विकायचे : पाणी वापर संस्थेसाठी पायरी पायरीने पर्यायांची तुलना

लघु पाटबंधारे तलावावरच्या संस्थेची सभा बहुतेक वेळा एकाच प्रश्नाने सुरू होते : यंदा दर काय ठेवायचा? प्रश्न चुकीचा नाही, पण तो फार लवकर विचारला जातो. तलावात खरोखर किती पाणी आहे, त्यातले शेताच्या बांधावर किती पोहोचणार आहे आणि पोहोचलेले मोजणार कसे, हे ठरण्याआधी दर ठरला की जानेवारीत दुसऱ्या पाळीला (शेतांना पाणी देण्याच्या फेरीला) पाणी अपुरे पडते. मग चारीच्या शेपटाकडचा शेतकरी पैसे भरूनही कोरडा राहतो आणि पुढच्या वर्षी तो पाणीपट्टी भरत नाही. संस्था मोडायला तिथूनच सुरुवात होते.

म्हणून खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने घ्या. हिशेब समजावा म्हणून एक नमुना तलाव धरला आहे : १५ ऑक्टोबरला उपयुक्त साठा १२ लाख घनमीटर, काठावर ३,००० वस्तीचे गाव, शेतापर्यंत पाणी नेणाऱ्या मातीच्या चाऱ्या. आकडे तुमच्या तलावाचे घाला, रीत तीच ठेवा.

## तयारी : सभेआधी हातात काय हवे

- तलावाचा पातळी-साठा तक्ता, म्हणजे कोणत्या पातळीला किती पाणी ते दाखवणारा. पाटबंधारे विभागाच्या शाखा कार्यालयात मिळतो.
- लाभक्षेत्राचा नकाशा आणि गट नंबरनिहाय खातेदारांची यादी. शीर्ष (चारीच्या तोंडाजवळचा), मध्य आणि पुच्छ (शेपटाकडचा) असे तीन भाग वेगळे दाखवलेले असावेत.
- मागच्या दोन-तीन हंगामांची पाणी पाळी रजिस्टरे आणि थकबाकीची यादी.
- विभागाशी झालेला करारनामा, शासनाला द्यायच्या पाणीपट्टीचे चालू दरपत्रक.
- तलावातून पाणी उचलणाऱ्या सगळ्या मोटारींची यादी, परवान्याच्या आणि बिनपरवान्याच्या.

शेवटची यादी करायला कोणी उत्सुक नसतो. पण ती टाळली तर पुढचा सगळा हिशेब कागदावरच राहतो. अनधिकृत उपशावर महाराष्ट्र पाटबंधारे अधिनियम, १९७६ खाली कारवाई होऊ शकते. तरी आधी समजावून परवान्याखाली आणता आले तर संस्थेचे सभासद आणि उत्पन्न दोन्ही वाढतात.

लक्षात ठेवा : तलावातले पाणी राज्याचे आहे. संस्थेला मिळतो तो वापराचा हक्क, मालकी नव्हे. संस्था सभासदाकडून जे पैसे घेते ते पाणी ठरल्या वेळी, ठरल्या मापाने बांधापर्यंत पोहोचवण्याचे असतात. ‘आमचे पाणी आहे, कोणालाही टँकरने विकू’ हा ठराव टिकत नाही.

## पायरी १ : साठा मोजा, पण जुन्या तक्त्यावर आंधळा भरवसा नको

हंगाम ठरलेले आहेत : खरीप १ जुलै ते १४ ऑक्टोबर, रब्बी १५ ऑक्टोबर ते फेब्रुवारीअखेर, उन्हाळी १ मार्च ते ३० जून. म्हणून १५ ऑक्टोबरची पातळी हा नियोजनाचा पाया. त्या दिवशी सकाळी संस्थेचे दोन सभासद आणि विभागाचा कर्मचारी यांनी एकत्र तलावाची पातळी दाखवणारी पट्टी वाचावी आणि रजिस्टरवर सह्या कराव्यात.

पातळी-साठा तक्ता तलाव बांधला तेव्हाचा असतो. त्यानंतर साचलेला गाळ त्यात दिसत नाही, त्यामुळे जुन्या तलावात कागदावरचा साठा खऱ्यापेक्षा जास्तच येतो. तपासायची सोपी रीत अशी : एखाद्या पाळीत दरवाजातून गेलेले पाणी मोजा, त्याच दिवसांत पातळी किती उतरली ते पाहा, बाष्पीभवन वजा करा आणि तक्त्याशी ताडून बघा. पातळी तक्त्यापेक्षा भराभर उतरत असेल तर साठा कमी आहे. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेतून गाळ काढला असेल तर उलटही होऊ शकते, म्हणून काढलेल्या गाळाची नोंद जपून ठेवा.

मोजमापाची एकके एकदाच फळ्यावर लिहून टाका, सभेतले निम्मे वाद तिथे मिटतात. १ दशलक्ष घनमीटर म्हणजे १० लाख घनमीटर. १ टीएमसी (एक अब्ज घनफूट) म्हणजे २८.३२ दशलक्ष घनमीटर. १ क्युसेक म्हणजे सेकंदाला २८.३२ लिटर, आणि एक क्युसेक दिवसरात्र चालला तर सुमारे २,४४७ घनमीटर. एका हेक्टरवर १ सेंमी पाणी म्हणजे १०० घनमीटर.

## पायरी २ : पिण्याचे पाणी आणि घट आधी बाजूला काढा

पिण्याच्या पाण्याला पहिला अग्रक्रम आहे. दरडोई ५५ लिटर धरले तर ३,००० वस्तीला रोज १६५ घनमीटर. १५ ऑक्टोबर ते ३० जून हे २५९ दिवस, पण पाऊस लांबतो, म्हणून जुलैअखेरपर्यंतचे २९० दिवस धरा : ४७,८५० घनमीटर. जनावरे आणि गळती मिळून ६०,००० घनमीटर राखून ठेवा.

इथे एक चूक जागोजागी होते. आरक्षण आकड्यात लिहिले जाते, पण पातळीवर खूण केली जात नाही. गावच्या जॅकवेलचे (पिण्याचे पाणी उपसायच्या विहिरीचे) तोंड सिंचनाच्या दरवाजाच्या उंबऱ्यापेक्षा वर असेल तर शेतकऱ्यांनी पाणी नेता नेता जॅकवेल कोरडी पडते, आणि कागदावर ६०,००० घनमीटर शिल्लकच असतात. दोन्ही पातळ्या मोजा. आरक्षणाची पातळी सिंचन विमोचकाच्या (दरवाजाच्या बांधकामाच्या) भिंतीवर लाल रंगाने काढा आणि ‘या रेषेखाली सिंचन बंद’ असा ठराव हंगामाआधीच करा.

आता बाष्पीभवन. पाणपसारा ३० हेक्टर असताना दिवसाला ८ मिमी पाणी उडाले तर २,४०० घनमीटर गेले, म्हणजे जवळपास एक क्युसेक दिवसरात्र चालवल्याइतके. नमुना तलावात सरासरी पसारा २५ हेक्टर, रोज ५ मिमी आणि २०० दिवस धरून २.५ लाख घनमीटर वजा करू.

१२ लाखांतून ६०,००० आणि २.५ लाख गेले, उरले ८.९ लाख. हे पाणी दरवाजावर. मातीच्या चारीत मुरणे, फुटणे, गवत यांत ३० टक्के गेले तर बांधावर ६.२३ लाख. यापुढच्या प्रत्येक हिशेबात हाच शेवटचा आकडा वापरायचा.

त्याचा अर्थ पिकांत बघा. प्रत्येक पाळीला ७ सेंमी पाणी धरले तर तीन पाळ्यांचा हरभरा हेक्टरी २,१०० घनमीटर घेतो, म्हणजे २९७ हेक्टर भिजतात. सहा पाळ्यांचा गहू ४,२०० घेतो, म्हणजे १४८ हेक्टर. वर्षाला २५,००० घनमीटर घेणारा पाटपाण्यावरचा ऊस फार तर २५ हेक्टर. तोही कागदावर, कारण उसासाठी पाणी मेपर्यंत तलावात ठेवावे लागते आणि तोवर त्यातले आणखी उडून जाते. ऊस लावू नका असे मी म्हणत नाही. पण १४८ हेक्टरांचे पाणी २५ हेक्टरांत जाते आहे, हे सभेत मोठ्याने वाचून दाखवा.

तपासणी : बांधावरच्या पाण्याचा आकडा इतिवृत्तात लिहिला का? नसेल तर पुढे जाऊ नका.

## पायरी ३ : मोजण्याची सोय आधी, दर नंतर

विभाग संस्थेला पाणी मोजून देतो ते लघु वितरिकेच्या (कालव्याच्या लहान शाखेच्या) किंवा चारीच्या मुखाशी. त्यापुढची घट संस्थेच्या अंगावर. म्हणून मुखाशी असलेले यंत्र तुम्हालाही वाचता यायला हवे, आणि पुढे निदान शीर्ष, मध्य व पुच्छ अशा तीन ठिकाणी तुमचे स्वतःचे माप हवे.

लहान चारीसाठी ९० अंशांची व्ही-नॉच (व्ही आकाराची खाच पाडलेला आडवा पत्रा) स्वस्त आणि पुरेशी. खाचेच्या तळापासून पाण्याची उंची १५ सेंमी असेल तर सेकंदाला सुमारे १२ लिटर, २० सेंमी असेल तर सुमारे २५ लिटर. फक्त पाच सेंमी वाढले की प्रवाह दुप्पट होतो, त्यामुळे ‘अंदाजे एवढे होते’ असली नोंद इथे चालत नाही.

नॉच वापरताना तीन गोष्टी सांभाळा. उंची खाचेच्या ओठावर वाचू नका. तिथे पाणी खाली झुकलेले असते आणि माप कमी येते. उंचीच्या निदान चौपट अंतरावर, वरच्या अंगाला पट्टी लावा. खाचेखाली पाणी मोकळे पडले पाहिजे, पुढे तुंबून खाचेला टेकले तर माप खोटे. आणि वरच्या बाजूचा गाळ प्रत्येक पाळीआधी काढा. चारीला उतारच नसेल आणि पाणी मोकळे पडत नसेल तर नॉचचा हट्ट सोडून कट-थ्रोट फ्ल्यूम (मधे अरुंद होऊन पुन्हा रुंदावणारी मोजमापाची नाली) बसवून घ्या.

बंद नलिका असेल तर मीटर लावता येतो. पण तलावाचे पाणी गढूळ असते आणि मीटर अडकतात, म्हणून गाळणी आणि धुण्याची तोटी यांचा खर्च त्यातच धरा.

## पायरी ४ : व्यवस्थापन कोणाकडे? पर्याय समोरासमोर मांडा

अ. विभागाकडेच ठेवणे. प्रत्येकाने नमुना ७ वर (पाणी मागणीच्या छापील नमुन्यावर) अर्ज करायचा, हेक्टर आणि पिकानुसार आकारणी होते. संस्थेला डोकेदुखी नाही, दुरुस्तीचा भारही नाही. पण पुच्छाला पाणी पोहोचले नाही तर दाद मागत हिंडायचे. ज्या गावात हिशेब लिहायला आणि चारीवर उभे राहायला चार माणसेही मिळत नाहीत, तिथे पुढचे दोन-तीन हंगाम हाच पर्याय प्रामाणिक आहे.

आ. पाणी वापर संस्था. महाराष्ट्र सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियम, २००५ खाली संस्था घनमापाने पाणी घेते आणि आत वाटप करते. व्यवस्थापन समितीत शीर्ष, मध्य आणि पुच्छ यांचे समान प्रतिनिधी असतात. मंजूर कोट्याच्या आत कोणते पीक घ्यायचे याचे स्वातंत्र्य सभासदाला मिळते, वाचवलेल्या पाण्याचा फायदा संस्थेलाच होतो. माझे मत स्पष्ट आहे : माणसे असतील तर हाच पर्याय. नाशिक जिल्ह्यात दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड धरणावर संस्थांची सुरुवात कालव्याच्या शेपटाकडून झाली, आणि पुढे प्रकल्पस्तरीय संस्थेकडे व्यवस्थापन आले. ज्यांना पाणी मिळत नव्हते त्यांनी मोजमापाचा आग्रह धरला, म्हणून ते जमले. तुमच्याकडेही पहिली बैठक पुच्छाच्या गावात घ्या.

इ. उपसा मालक किंवा ठेकेदार. मोटार, पाइपलाइन आणि वीजबिल त्याचे, शेतकऱ्याने ताशी पैसे द्यायचे किंवा पिकातला वाटा. पश्चिम महाराष्ट्रात उसाच्या पट्ट्यात वाटा पद्धत ओळखीची आहे. भांडवल नसलेल्या उंचावरच्या शेतीला पाणी मिळते, हे खरे. पण वाटा घेणाऱ्याला जास्त पाण्याचे पीकच परवडते आणि तलावाचे नियोजन त्याच्या मोटारीमागे फरफटत जाते. हा मार्ग धरलाच तर परवाना, मीटर, उपशाचे दिवस आणि दराची कमाल मर्यादा लेखी घ्या.

ई. ग्रामपंचायत किंवा कारखान्याला ठोक पाणी. पैसे वेळेवर येतात म्हणून कार्यकारिणीला हा पर्याय मोहात पाडतो. पण बिगर सिंचनाचे आरक्षण आणि दर संस्थेच्या हातात नाहीत, शासनाची मंजुरी आणि महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाची चौकट त्याला लागू आहे. परस्पर करार करू नका. मंजूर झालेच तर महिन्याचे घनमीटर आणि टंचाईच्या वर्षी कपात कोणाची आधी, हे दोन मुद्दे करारात हवेतच.

तलावावर मासेमारीचा ठेका असेल तर तोही वाचून घ्या. मत्स्य संस्थेला किमान पातळीचे आश्वासन कोणी आधीच देऊन ठेवलेले असू शकते.

## पायरी ५ : आकारणीची पद्धत एकाच मापाने ताडून पाहा

सगळ्या पद्धती बांधावर पोहोचलेल्या एका घनमीटरला किती रुपये या मापात आणा. नाहीतर हेक्टरी दर आणि ताशी दर यांची तुलना होतच नाही.

ताशी पद्धत घ्या. दर तासाला १०० रुपये. शीर्षाजवळ चारीत सेकंदाला ३० लिटर येतात, म्हणजे तासाला १०८ घनमीटर, पडले ९३ पैसे. शेपटाकडे १८ लिटरच पोहोचतात, तासाला ६४.८ घनमीटर, पडले १ रुपया ५४ पैसे. घड्याळ दोघांना सारखेच, पण पुच्छाचा शेतकरी दीडपटीहून जास्त पैसे मोजतो. घड्याळ सगळ्यांना दिसते, त्यामुळे ही पद्धत न्याय्य वाटते आणि म्हणूनच ती सहज खपते. ती ठेवायची असेल तर तीन भागांसाठी प्रवाह मोजून तीन वेगळे दर लावा. तेवढ्यानेही पुष्कळ अन्याय दूर होतो.

हेक्टर-पीक पद्धतीत मोजणे सोपे, पण ७ सेंमी घेणारा आणि १२ सेंमी घेणारा सारखेच पैसे देतात. पाणी वाचवायला काही कारणच उरत नाही, आणि पीक पाहणीत क्षेत्र कमी दाखवण्याचा मोह होतो.

घनमापी पद्धत सगळ्यांत चोख, पण प्रत्येक शेताच्या तोंडाशी माप बसवणे लहान संस्थेला जमत नाही. मधला मार्ग असा : प्रत्येक चारीच्या तोंडाशी घनमाप, आणि चारीच्या आत, मोजलेल्या प्रवाहावर बेतलेली ताशी विभागणी. चारीवरच्या शेतकऱ्यांचा गट आपापसात हिशेब ठेवतो. नवीन संस्थेने इथूनच सुरुवात करावी.

## पायरी ६ : आता दर

वर्षाचा खर्च मांडा : शासनाची पाणीपट्टी, पाटकऱ्यांचा (चारीवर पाणी सोडणाऱ्यांचा) पगार, चारीतला गाळ आणि गवत काढणे, दरवाजाची दुरुस्ती, वीज, दप्तर, आणि न विसरता दुरुस्ती निधी. नमुना तलावात हा सगळा मिळून ४,२०,००० रुपये धरू.

भागाकार कशाने करायचा, इथेच संस्था बुडतात. साठ्याच्या १२ लाखांनी भागले तर ३५ पैसे येतात आणि सभेत टाळ्या पडतात. बांधावरच्या ६.२३ लाखांनी भागले तर ६७ पैसे. आणि मागच्या अनुभवावरून प्रत्यक्ष बिले ५ लाख घनमीटरचीच होणार असतील तर ८४ पैसे. खरा दर हा तिसरा. पहिल्या दराने चाललात तर निम्म्याहून जास्त खर्च उघडा पडतो, आणि सगळ्यांत आधी कात्री लागते ती चारीच्या दुरुस्तीला.

इशारा : थकबाकीदारांचा बोजा नियमित भरणाऱ्यांच्या दरात मिसळू नका. थकबाकी वेगळी दाखवा आणि तिची वसुली वेगळ्या ठरावाने करा.

## पायरी ७ : पाळीचा क्रम आणि वसुली

शेजपाळीचा (शेतामागून शेत पाणी देण्याच्या क्रमाचा) तक्ता पाणी सोडण्याआधी निदान आठवडाभर चावडीवर लावा : गट नंबर, तारीख, सुरू आणि बंद होण्याची वेळ. क्रम पुच्छाकडून शीर्षाकडे ठेवा. वरच्यांनी आधी घेतले की पाणी संपता संपता खालच्यांची वेळ येते, पाळी लांबते आणि भांडण चारीवर होते. खालून वर आलात तर शेवटी घेणारा दरवाजाच्या जवळ असतो, आणि पाणी पुरे पडते की नाही यावर त्याचेच लक्ष राहते.

कोरडी चारी भरायला लागणारा वेळ कोणाही एकाच्या खात्यावर टाकू नका, तो संस्थेच्या घटीत धरा. रात्रीची पाळी दर आवर्तनाला फिरती ठेवा. एकट्या बाईच्या किंवा वयस्क शेतकऱ्याच्या वाट्याला प्रत्येक वेळी मध्यरात्र येत असेल तर ती चूक तक्त्याची आहे, ती दुरुस्त करा.

पैसे पाळीआधी घ्या. पूर्ण रक्कम जड जात असेल तर निम्मी अर्जासोबत आणि उरलेली दुसऱ्या पाळीआधी. ऊस असेल तर सभासदाच्या लेखी संमतीने कारखान्याच्या बिलातून कपात करून घेता येते. थकबाकीदाराचे पाणी बंद करायचे तर त्याचा नियम हंगामाआधीच्या सर्वसाधारण सभेत झालेला हवा. पाळीच्या दिवशी चारीवर उभे राहून घेतलेला निर्णय सूडासारखा दिसतो, मग तो कितीही बरोबर असो.

पाटकऱ्याच्या रजिस्टरात प्रत्येक पाळीला पाच नोंदी पुरतात : तारीख, उघडण्याची वेळ आणि पट्टीचे माप, बंद करण्याची वेळ आणि पट्टीचे माप, गट नंबर, शेतकऱ्याची सही. सही नंतर घेऊ म्हणून सोडलेली ओळ वादात तुमच्या बाजूने उभी राहत नाही.

## पायरी ८ : पहिली पाळी चाचणी म्हणून चालवा

रब्बीची पहिली पाळी संपली की तीन आकडे एका कागदावर लिहा : दरवाजातून सोडलेले पाणी, तीन ठिकाणच्या मापांत दिसलेले पाणी आणि बिलात आलेले पाणी. पहिल्या दोन आकड्यांतली तफावत धरलेल्या ३० टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर चारी फुटली आहे किंवा मधे कोणी पाणी फिरवले आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्यात तफावत असेल तर चूक दप्तरात आहे. हा कागद चावडीवर लावा आणि दुसरी पाळी सुरू करण्याआधी सभा घ्या. साठा पुन्हा मोजा. कमी निघाला तर एक पाळी कमी करायची की सगळ्यांचे क्षेत्र सारख्या टक्क्यांनी कापायचे, हे तेव्हाच ठरवा. पिके फुलोऱ्यात आल्यावर नाही.

३० जूनला तलावाची उरलेली पातळी, वर्षाचा जमाखर्च आणि कोणत्या चारीत किती घट झाली याची यादी करा. घट सर्वांत जास्त असलेल्या चारीचे काम दुरुस्ती निधीतून पहिले घ्या आणि पुढच्या ऑक्टोबरच्या आत पूर्ण करा.